आकाश वजा केल्यावर

दीर्घिकांवरची मराठी पुस्तके बहुतेक वेळा रंगीत चित्रांनी सजलेली असतात. या पुस्तकात तशी चित्रे नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. इथे आकडे आहेत, आलेख आहेत आणि राखाडी ठिपक्यांनी भरलेल्या काही चौकटी आहेत. अंधुक सर्पिल दीर्घिका आणि बटू दीर्घिका यांच्याकडून प्रकाश येतो किती, मध्यापासून कडेपर्यंत तो कसकसा उतरत जातो आणि त्याचा रंग काय, एवढाच पुस्तकाचा विषय. ऐकायला तो अरुंद वाटतो. पण विश्वात संख्येने सर्वांत जास्त आहेत त्या बटू दीर्घिकाच. दिनदर्शिकेवर शोभणाऱ्या भरदार, तेजस्वी दीर्घिका त्यामानाने थोड्या. त्या थोड्यांवरून सगळ्यांचा अंदाज बांधायची खगोलशास्त्राची सवय होती. ती मोडायला बराच काळ गेला, आणि मोडली तीही कुठल्या थोर कल्पनेने नाही, तर काटेकोर मोजणीने.

‘इथे ना वेधशाळा, ना मोठी दुर्बीण, मग हा उद्योग माढ्यातून कशाला?’ हे मला गावात अनेकांनी विचारले आहे. प्रश्न वाजवी आहे. पण उत्तराची सुरुवात आपल्याच रेल्वेमार्गावर होते. कुर्डुवाडीहून पुण्याकडे निघालेली गाडी ढवळस, केम, भाळवणी मागे टाकत करमाळा तालुक्यातल्या जेऊरला पोचते. आज तिथे उतरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल की २२ जानेवारी १८९८ रोजी या स्टेशनाच्या परिसरात जगातल्या नामांकित वेधशाळांची माणसे तंबू ठोकून बसली होती. त्या दिवशी भर दुपारी खग्रास सूर्यग्रहण झाले. ग्रहणाचा पट्टा कोकण किनाऱ्यावरून ईशान्येकडे सरकत जेऊरवरून गेला. कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेचा विल्यम वॉलेस कॅम्पबेल चाळीस फूट नाभीय अंतराचा कॅमेरा घेऊन आला होता. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधले प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनीही आपली उपकरणे इथेच मांडली. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून पुण्यात उभी राहिलेली महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा त्यांच्याच हाताखाली चालत असे. जेऊरच्या वेधांचा त्यांचा अहवाल १९०२ साली छापला गेला. पुढे ही वेधशाळा बंद झाली आणि तिची वीस इंची दुर्बीण कोडाईकनालला गेली.

हे स्थानिक अभिमानासाठी सांगत नाही. जेऊरला जमलेल्या माणसांपुढे जी अडचण होती, तीच या पुस्तकाच्या पानोपानी आहे. खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची. तेवढ्यात सूर्याभोवतीच्या किरीटाचे फोटो घ्यायचे. किरीट सूर्यबिंबाच्या कडेशी तेजस्वी असतो आणि बाहेर सरकावे तसा झपाट्याने फिका होत जातो. फोटोची काच थोडा वेळ उघडी ठेवली तर आतला भाग नीट उतरतो, बाहेरचा उमटतच नाही. जास्त वेळ ठेवली तर बाहेरचे पदर दिसू लागतात, पण आतला भाग जळून पांढरा पडतो. शिवाय बाहेरचा पदर कुठे संपला आणि साधे आकाश कुठे सुरू झाले, हे सांगायचे कसे? दीर्घिका मोजणाऱ्याला नेमका हाच प्रश्न पडतो. फरक इतकाच की त्याच्याकडे दोन मिनिटांऐवजी रात्री असतात, आणि समोरची वस्तू किरीटापेक्षा कितीतरी पटींनी मंद असते.

मोजायचे म्हणजे आधी एकक हवे. ताऱ्यांच्या तेजाला ‘प्रत’ म्हणतात आणि ही पट्टी उलटी चालते: प्रत जितकी मोठी, तितका तारा अंधुक. प्रतीत पाचाचा फरक म्हणजे तेजात शंभरपट फरक, हा नेमका नियम नॉर्मन पॉगसन याने १८५६ साली सुचवला. हाच पॉगसन १८६१ साली मद्रासच्या वेधशाळेत आला आणि १८९१ साली मृत्यू येईपर्यंत तिथेच राहिला. आपल्या शाळेतल्या पुस्तकांत त्याचे नाव सापडत नाही, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. प्रतीतल्या एकाच्या फरकाने तेज सुमारे अडीच पट बदलते. हे एकदा अंगवळणी पडले की उलट्या पट्टीचा त्रास होत नाही.

तारा बिंदूसारखा असतो, म्हणून त्याला एकच प्रत पुरते. दीर्घिका पसरट असते. त्रिकोण तारकासमूहातली एम ३३ ही सर्पिल दीर्घिका घ्या. तिच्या सगळ्या प्रकाशाची बेरीज ५.७ प्रतीच्या ताऱ्याइतकी भरते. तेवढ्या तेजाचा तारा अंधाऱ्या रात्री नुसत्या डोळ्याला दिसतो. पण एम ३३ आपल्याला सहसा दिसत नाही, कारण तोच प्रकाश पूर्णचंद्राच्या दुपटीहून लांब अशा क्षेत्रावर पसरलेला आहे. म्हणून दीर्घिकेच्या बाबतीत खरी कामाची राशी पृष्ठतेज ही: आकाशाच्या एका चौरस विकलेतून किती प्रकाश येतो, त्याची प्रत. अंशाचा साठावा भाग कला आणि कलेचा साठावा भाग विकला. पृष्ठतेजाची एक मोठी सोय म्हणजे जवळच्या विश्वात ते अंतरावर अवलंबून नसते. दीर्घिका दुप्पट दूर नेली तर तिचा प्रकाश चौपटीने घटतो, पण ती व्यापते ते क्षेत्रही चौपटीने आकसते. त्यामुळे मुळात विरळ असलेली दीर्घिका शेजारी असली तरी विरळच दिसते.

इथून पुढे आकाश मध्ये येते. रात्रीचे आकाश कधीच पूर्ण काळे नसते. वातावरणाच्या वरच्या थरांतले रेणू मंद चमकतात, ग्रहांमधली धूळ सूर्यप्रकाश विखुरते, अंधुक तारे एकमेकांत मिसळून पार्श्वभूमी उजळवतात. उत्तम जागी, चंद्र नसताना, आकाशाचे पृष्ठतेज चौरस विकलेमागे सुमारे २२ प्रतीचे असते. आता अंधुक सर्पिल दीर्घिकेची बाहेरची तबकडी २६ प्रतीची आहे असे धरा. चार प्रतींचा फरक, म्हणजे आकाश दीर्घिकेच्या सुमारे चाळीस पट उजळ.

आमच्याकडच्या वाचकाला हे साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर लगेच कळेल. भरलेली गाडी काट्यावर चढते, ऊस उतरवून रिकामी गाडी पुन्हा चढते, आणि उसाचे वजन म्हणजे दोन्हींतला फरक. इथे मात्र गाडी चाळीस टनांची आणि ऊस एकच टन. रिकाम्या गाडीच्या वजनात शेकडा एकाची गफलत झाली तर उसाच्या वजनात शेकडा चाळीसची होते. २७ प्रतीच्या पृष्ठतेजाला तीच एका टक्क्याची चूक दीर्घिकेचा सगळा प्रकाश गिळते किंवा नसलेला तेवढाच प्रकाश उभा करते. म्हणून हे काम करणारी माणसे दीर्घिकेबद्दल कमी आणि आकाशाबद्दल जास्त भांडतात.

एका चौकटीतून हे जवळून पाहू. सीसीडीच्या, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चकतीच्या, एका ठिपक्यात आकाशाचे १०,००० इलेक्ट्रॉन जमले आहेत आणि दीर्घिकेचे २५०. प्रकाश कणाकणाने येत असल्यामुळे मोजणीत स्वाभाविक चढउतार असतो आणि तो बेरजेच्या वर्गमुळाइतका, म्हणजे इथे शंभराच्या आसपास. २५० च्या खुणेवर शंभराची थरथर! एका ठिपक्यावर भरवसा ठेवता येत नाही. पण मध्यापासून सारख्या अंतरावरचे ४०० ठिपके एका लंबवर्तुळाकार पट्ट्यात गोळा करून सरासरी काढली तर थरथर वीसपट घटते, शंभराची पाच होते. आता २५० हा आकडा ठणठणीत उभा राहतो. असे पट्टे आतून बाहेर एकामागून एक आखत गेलो की दीर्घिकेचा तेज-उतार मिळतो. मात्र सरासरीने कमी होते ती थरथर; आकाशाचा आकडाच मुळात चुकला असेल तर हजारो ठिपक्यांची सरासरीही तितकीच चुकीची येते. नवख्याच्या हातून हा भेद निसटतो. पुस्तकाचे सर्वांत लांब प्रकरण त्यावर आहे आणि ते आखूड करायला मी तयार झालो नाही.

आकाश वजा करण्याआधीही कामे असतात. सीसीडीचे सगळे ठिपके सारखे संवेदनशील नसतात. संधिप्रकाशातल्या एकसारख्या उजळ आकाशाच्या चौकटी घेऊन तो असमानपणा भागून काढावा लागतो. वातावरण क्षितिजाजवळ जास्त प्रकाश खाते, डोक्यावर कमी. आपले आकडे जगाच्या पट्टीवर आणायला प्रमाण तारे लागतात. आर्लो लँडोल्ट याने १९९२ साली प्रसिद्ध केलेली त्यांची यादी खगोलीय विषुववृत्ताच्या आसपासची आहे, त्यामुळे दोन्ही गोलार्धांतून ती वापरता येते. एवढे सांगून पुढे जातो. तपशील पहिल्या दोन प्रकरणांत आहेत आणि ते थोडे कंटाळवाणे आहेत. ते टाळून मात्र पुढे जाता येत नाही.

आता त्या मोडलेल्या सवयीकडे. १९७० साली ऑस्ट्रेलियातल्या केनेथ फ्रीमन यांनी ३६ दीर्घिकांच्या तबकड्यांचा तेज-उतार तपासला. त्यांतल्या २८ तबकड्यांचे मध्याजवळचे पृष्ठतेज निळ्या फिल्टरमध्ये २१.६५ प्रतीच्या अगदी आसपास निघाले. निसर्गाने सगळ्या तबकड्यांना एकच माप लावले की काय? १९७६ साली माइक डिस्नी यांनी शंका काढली: हे माप निसर्गाचे नसून आपल्या डोळ्यांचे असेल. आकाशाइतपत उजळ असलेल्याच दीर्घिका आपल्या यादीत येतात. त्याहून विरळ असतात त्या आकाशात बुडतात आणि फारच दाट असतात त्या ताऱ्यांसारख्या दिसून निसटतात. शंका चोख होती, पण पुरावा हाताशी नव्हता. डेव्हिड मॅलिन यांनी फोटोच्या काचांवरून अत्यंत मंद खुणा उठावदार करण्याची पद्धत बसवली होती. तिच्या मदतीने कन्या दीर्घिकासमूहाच्या दिशेला एक अवाढव्य, अतिविरळ सर्पिल दीर्घिका हाती लागली. बॉथन, इम्पी, मॅलिन आणि मोल्ड यांनी १९८७ मध्ये ती जाहीर केली. नाव मॅलिन १. अंतर सुमारे १२० कोटी प्रकाशवर्षे. तिची तबकडी आपल्या आकाशगंगेहून कितीतरी मोठी, आणि तरीही मध्याजवळसुद्धा रात्रीच्या आकाशाहून खूपच अंधुक. इतकी मोठी वस्तू इतकी वर्षे कोणालाही दिसली नव्हती!

अशा दीर्घिका सापडू लागल्यावर साहजिक अंदाज असा होता की त्या विझत आलेल्या असणार. तारे जन्मणे थांबले, उरलेले म्हातारे झाले, म्हणून तबकडी मंदावली. तसे असते तर त्यांचा रंग लालसर यायला हवा होता. इथे रंगमापन कामी येते. एकच दीर्घिका निळ्या आणि पिवळसर-हिरव्या अशा दोन फिल्टरमधून मोजायची आणि दोन प्रतींची वजाबाकी करायची. हा झाला वर्णांक. तो लहान तितका रंग निळा. म्हाताऱ्या ताऱ्यांनी भरलेल्या लंबवर्तुळी दीर्घिकांचा हा आकडा ०.९ च्या वर असतो, बहुतेक सर्पिलांचा त्याहून कमी, आणि ताऱ्यांचा जन्म चालू असलेल्या अनियमित बटूंचा ०.४ च्या आसपास. १९९० च्या दशकात अंधुक सर्पिलांचे वर्णांक काळजीपूर्वक काढले तेव्हा त्यांतल्या पुष्कळशा निळ्या निघाल्या. म्हणजे विझत आलेल्या नव्हेत. वायू भरपूर, पण तो पातळ पसरलेला. तारे जन्मतात, पण रमतगमत. शेकडो कोटी वर्षे उलटूनही त्यांचा संसार अजून पुरता उभा राहिलेला नाही. तेज सांगत होते एक आणि रंगाने सांगितले दुसरेच. या विषयात माझे मन बसले ते याच निकालामुळे.

रंगावरही डोळे झाकून विसंबता येत नाही. आपल्याच आकाशगंगेतली धूळ निळा प्रकाश जास्त अडवते, त्यामुळे पलीकडची प्रत्येक दीर्घिका थोडी लाल भासते. ताऱ्यांमध्ये जड मूलद्रव्ये कमी असली तर ते वय जास्त असूनही निळसर दिसतात. एका वर्णांकावरून ‘ही तरुण’ असा शिक्का मारणारे लेख मी वाचले आहेत. अशा घाईबद्दल पुस्तकात जागोजागी इशारे आहेत; जंबुपार आणि अवरक्त किरणांतली मोजणी जोडीला घेतली तरच ही गुंतागुंत काही प्रमाणात सुटते.

बटू दीर्घिकांची गोष्ट आणखी चमत्कारिक. आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा मघा तारा घ्या. सिंह राशीतल्या या ठळक ताऱ्यापासून पाव अंशाच्या आत सिंह १ नावाची बटू दीर्घिका आहे. अंतर सुमारे आठ लाख प्रकाशवर्षे, म्हणजे आकाशगंगेचीच पाठराखीण. माणसे मघा हजारो वर्षे पाहत आली. ही शेजारीण १९५० साली पालोमारच्या आकाशसर्वेक्षणाच्या काचांवर सापडली. मघा तिच्याहून हजारो पटींनी तेजस्वी, त्यामुळे ताऱ्याचा विखुरलेला उजेड तिच्या अंगावर सांडतो. मोजणाऱ्याला आधी आकाश वजा करावे लागते, मग मघेचा पसारा वजा करावा लागतो, आणि नंतर जे उरते ते तिचे. दुसरी एक बटू दीर्घिका, मोठा मॅगेलानी मेघ, माढ्याच्या अक्षांशावरून कागदोपत्री क्षितिजाच्या वर येते, पण फक्त दोनेक अंश. डिसेंबर-जानेवारीत मध्यरात्रीच्या सुमारास दक्षिणेला, पंढरपूरच्या बाजूला. धुळीतून आणि दिव्यांतून ती दिसेल अशी आशा धरू नये.

बटूंच्या अभ्यासात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे आणि त्याची वाच्यता व्हावी तितकी होत नाही. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे, ४५ मीटर व्यासाच्या तीस रेडिओ अँटेना. हायड्रोजन वायू २१ सेंटिमीटर तरंगलांबीवर जी क्षीण लहर सोडतो ती या अँटेना टिपतात. आयेशा बेगम, जयराम चेंगालूर आणि रशियन खगोलशास्त्रज्ञ इगोर कराचेन्त्सेव्ह यांनी २००५ मध्ये एनजीसी ३७४१ या चिमुकल्या दीर्घिकेचा वायू मोजला. सुमारे एक कोटी प्रकाशवर्षांवरची ही दीर्घिका दृश्य प्रकाशात केवळ एक पुसट डाग आहे. वायूची तबकडी मात्र त्या डागाच्या त्रिज्येच्या आठपटींहून जास्त दूर पसरलेली निघाली. आता हे ‘आठपट’ कशाच्या? दृश्य प्रकाशातल्या त्रिज्येच्या. आणि ती त्रिज्या म्हणजे पृष्ठतेज २६.५ प्रतीला उतरते ती कड. एरिक होल्मबर्ग यांची ही जुनी पद्धत. म्हणजे रेडिओ दुर्बिणीच्या एवढ्या मोठ्या निष्कर्षाच्या पायाशी पृष्ठतेजाचीच मोजणी आहे. या वायूच्या फिरण्यावरून कळते की अशा दीर्घिकेत दिसणाऱ्या द्रव्यापेक्षा न दिसणारे कृष्णद्रव्य कितीतरी जास्त असते. ते किती, हे सांगायला ताऱ्यांचे वस्तुमान लागते, आणि ते तेज व रंग यांवरूनच काढतात.

दुसरे काम पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेचे. २८ सप्टेंबर २०१५ रोजी सुटलेल्या ‘ॲस्ट्रोसॅट’ उपग्रहावर जंबुपार किरणांची दुर्बीण आहे. तिच्या साहाय्याने तेजपूर विद्यापीठाचे अंशुमन बोरगोहाईं, आयुकाचे कनक साहा आणि सहकाऱ्यांनी दूरच्या अकरा निळ्या, घट्ट बटू दीर्घिका तपासल्या. २०२२ च्या ‘नेचर’मधला त्यांचा लेख सांगतो की या दीर्घिकांची जंबुपार चमक त्यांच्या दृश्य प्रकाशातल्या कडेच्याही पलीकडे जाते. बाहेरच्या काठावर कोवळ्या ताऱ्यांचे पुंजके आहेत, आणि त्यांतले वायू व तारे आत सरकत असावेत. बटू दीर्घिका वाढते कशी, याचा हा धागा त्या पुसट कडेतच होता. ती कड आकाश समजून वजा केली असती तर?

आयुकाला प्रकाशमापनाची घरची परंपराच आहे. जयंत नारळीकरांनी १९८८ मध्ये सहकाऱ्यांसह ही संस्था उभी केली. तिथे अजित केंभावींच्या भोवती दीर्घिकांच्या प्रतिमा उकलणाऱ्यांचा एक गट तयार झाला. योगेश वाडदेकर, रॉबासन आणि केंभावी यांनी १९९९ मध्ये दीर्घिकेच्या प्रतिमेतला मधला फुगवटा आणि तबकडी संगणकाने वेगळी करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पुढच्याच वर्षी इराणहून आलेले हबीब खोसरोशाही, वाडदेकर, केंभावी आदींनी दाखवले की फुगवट्याचा आकार, त्याचे मधले पृष्ठतेज आणि तेज-उताराची वळणे यांच्यात एक ठाम नाते आहे. हे नाते केवळ प्रकाश मोजून मिळते, त्यासाठी वर्णपट लागत नाही, ही त्याची खुबी. नांदेडच्या विद्यापीठात माधव पाटील यांनी रायपूरच्या एस. के. पांडे आदींबरोबर लंबवर्तुळी दीर्घिकांतली धूळ रंगांच्या नकाशांवरून मोजली. जुन्नरकडच्या डोंगरांत गिरवलीला आयुकाची दोन मीटर व्यासाची दुर्बीण २००६ पासून आहे. पुणे, नांदेड, खोडद, गिरवली. गावे आपल्याच महाराष्ट्रातली, आणि तरी या कामाचे मराठीतले वर्णन बोटांवर मोजण्याइतके.

तर माढ्यातून हे का, याचे उत्तर. पूर्वी दुर्बिणीजवळ असणे भाग होते, आज नाही. स्लोन आकाशसर्वेक्षणाच्या आणि त्यानंतरच्या मोठ्या सर्वेक्षणांच्या मूळ चौकटी फुकट आणि खुल्या आहेत. त्या वाचणारी सॉफ्टवेअरेही फुकट. कॉलेजातल्या साध्या संगणकावर, वीज आणि इंटरनेट दोन्ही एकदम असतील अशा दिवशी, बीएस्सीचा विद्यार्थी खरी दीर्घिका खऱ्या आकड्यांनी मोजू शकतो. आपल्या प्रयोगशाळांत वर्षानुवर्षे तेच लोलक आणि तीच भिंगे, आणि उत्तर आधीच माहीत असलेले प्रयोग. त्याऐवजी एखादा सत्रप्रकल्प असा का नसावा, असे मला मनापासून वाटते.

आकाशाचेही थोडे बोलले पाहिजे. आपला हा पर्जन्यछायेतला मुलूख. पाऊस हुलकावणी देतो त्याचे दुःख शेतकऱ्याला ठाऊक आहे, पण त्याच कारणाने हुरड्याच्या दिवसांत इथल्या रात्री निरभ्र असतात. मात्र गेल्या काही वर्षांत चौकाचौकांत उंच खांबांवरचे पांढरे झगझगीत दिवे आले. त्यांतला एक माझ्या गच्चीच्या बरोबर समोर बसवला गेला, त्याचा अर्धा उजेड सरळ वर जातो, आणि तक्रार करूनही त्यावर साधे झाकण बसले नाही. हे एका गावापुरते नाही. २२ प्रतीचे आकाश २० प्रतीचे झाले की पार्श्वभूमी सहापटींहून अधिक उजळते, आणि चाळीसाच्या जागी अडीचशेतला एक भाग शोधायची वेळ येते. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातले पहिले आंतरराष्ट्रीय ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. दिवे खाली तोंड करून लावले तर रस्ताही नीट दिसतो आणि आकाशही वाचते. त्यासाठी व्याघ्र प्रकल्पच हवा असे नाही.

खुल्या साठ्यांबद्दल एक सावधगिरी. तयार याद्यांतले आकडे जसेच्या तसे उचलू नयेत. मोठ्या, विस्कळीत दीर्घिकांच्या बाबतीत संगणक तिच्या कडेलाच आकाश समजतो आणि जास्त वजाबाकी करतो. मग दीर्घिका प्रत्यक्षाहून अंधुक आणि लहान भरते. कधी तो एकाच दीर्घिकेचे तुकडे पाडून त्यांना स्वतंत्र वस्तू मानतो. संगणकाला हसण्याचे कारण नाही. विल्यम हर्शेलला १७८६ साली एनजीसी ४३९५ ही विरळ सर्पिल दीर्घिका दिसली. तिच्यातल्या उजळ ठिपक्यांना पुढे एनजीसी ४३९९, ४४०० आणि ४४०१ असे वेगवेगळे क्रमांक मिळाले आणि ते आजही यादीत आहेत. वास्तविक ते त्याच दीर्घिकेतले तारे जन्मण्याचे प्रदेश.

या पुस्तकातला सराव म्हणूनच एनजीसी ४३९५ वर बेतला आहे. ती सुमारे १ कोटी ४० लाख प्रकाशवर्षांवर आहे, अंधुक आहे, वेडीवाकडी आहे, निळी आहे आणि तिच्या मध्यभागी लहानसे कृष्णविवरही आहे. विद्यार्थ्याला हव्या त्या सगळ्या अडचणी एका जागी. वाचकाला माझी विनंती एवढीच: पहिले प्रकरण उघडण्याआधी तिच्या हिरव्या आणि लाल फिल्टरमधल्या दोन चौकटी उतरवून घ्या. दीर्घिकेला हात न लावता, तिच्यापासून दूरच्या, तारे नसलेल्या निदान दहा जागी आकाशाचा आकडा काढा आणि सगळे आकडे वहीत लिहून ठेवा. ते एकमेकांशी जुळणार नाहीत. ती वही जवळ घेऊनच पुढचे पान उलटा, कारण पहिले प्रकरण त्या न जुळणाऱ्या आकड्यांपासून सुरू होते.